अक्षरलेखन भूमितीच्या पेपरातून सोडवा

महोदय,

दुकानांच्या पाट्यांवरची मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, हा नियम २०२२ मध्ये सर्व आस्थापनांना लागू झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घातल्यावर दादर-परळच्या रस्त्यांवर देवनागरी भराभर वाढली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती अक्षरे पाहवत नाहीत. इंग्रजी नावाच्या रुंदीला पुरावीत म्हणून ती संगणकावर आडवी ताणलेली असतात, त्यामुळे काने जाडजूड आणि शिरोरेषा दोऱ्यासारखी. जोडाक्षरे फुटून हलन्त लोंबत असतात. फलक करणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. अक्षर घडवायचे असते, हे त्यांना शाळेत कुणी सांगितलेलेच नसते.

मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत अक्षरलेखन आहे, पण कर्तव्यभूमितीच्या, म्हणजे पट्टी-कंपासने आकृत्या रेखण्याच्या, पेपराला जोडलेले. तयारीचा वेळ स्पर्शिका आणि बहुभुजांत जातो. अक्षरांसाठी चौकटी आखून ठोकळे भरायला लावले की झाले. चौकटीत रोमन कॅपिटल नीट बसतात. ‘पूर्ती’ कसे बसणार? खाली उकार, वर रफार आणि वेलांटी.

वळणदार अक्षर शिकवायला खर्चाची सबब चालत नाही. दोन पेन्सिली रबरबँडने बांधल्या की अक्षराची जाडी कुठे वाढते, कुठे निमुळती होते, हे सहावीतल्या मुलाला लगेच दिसते. पुढे तिरकी कापलेली आइस्क्रीमची काडी आणि पोस्टर कलर पुरतात. काप मात्र शिक्षकाने तपासून द्यावा. देवनागरीच्या बोरूचा, म्हणजे तिरक्या टोकाच्या लेखणीचा, काप रोमन निबाच्या उलट असतो आणि बाजारातले कॅलिग्राफी संच बहुतेक रोमनसाठीचे. त्या निबांनी ‘क’ काढला की जाडी भलतीकडे पडते आणि मूल समजते, आपला हातच वाईट! मुळाक्षरे क-ख-ग या क्रमाने न घेता आकाराने घ्यावीत: व-ब-क, प-ष-फ, ट-ठ-ढ. मग अंतराकडे वळावे. ‘ख’चे दोन भाग दूर गेले तर ‘खाना’चे ‘रवाना’ होते, ही चूक मुले पाट्यांवर स्वतः शोधून आणतात.

कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षके मी फळ्यावर लावते. नाटक गंभीर की विनोदी, हे नुसत्या अक्षरांच्या ठेवणीवरून ओळखायचे. त्या तासाला वर्गातले सर्वांत गप्प मूलही बोलते. विंडोजमधला ‘मंगल’ फॉण्ट याच शहरात शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी घडवला, हे ऐकल्यावर मुले संगणककक्षात फॉण्ट निरखू लागतात. शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. पण अनेक फॉण्टमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ती रूपे उमटत नाहीत. उद्या पाट्या करणाऱ्यांना हे शाळेतच कळायला हवे.

कला संचालनालयाला माझी विनंती आहे की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत अक्षरलेखनाचा पेपर स्वतंत्र करावा, त्यात जोडाक्षर असलेला एक मराठी शब्द सक्तीचा असावा आणि पट्टीऐवजी कट निब किंवा बोरू वापरायची मुभा द्यावी.

– एक कलाशिक्षिका, परळ, मुंबई