मथळ्यातला आकडा आणि हातात पडणारा पैसा

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाविषयी आपल्या क्रीडापानावर आलेला मजकूर वाचला. २०२४ साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद मिळवणाऱ्या या संघाने २०२५ च्या उन्हाळ्यात ड्रू हॉलिडे याला पोर्टलंडकडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस याला अटलांटाकडे देऊन टाकले आणि त्याचे कारण आपल्या वार्ताहरांनी ‘मालकांचा हात आखडता’ एवढ्या तीन शब्दांत सांगितले आहे. कॉलेजात असताना मी डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉल खेळलो आणि पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे कॉस्ट अकाउंटंट म्हणून काढली. त्यामुळे असेल, पण हे कारण मला फार तोकडे वाटले. हा प्रश्न मालकाच्या स्वभावाचा नसून हिशेबाच्या नियमांचा आहे, आणि ते नियम सांगितल्याशिवाय त्या बातमीचा अर्थच लागत नाही.

एनबीएमध्ये संघाच्या एकूण पगारावर एकच मर्यादा नाही, एकीवर एक अशा चार रेषा आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी मूळ मर्यादा १५.४६ कोटी डॉलरची होती, तिच्यावर १८.७९ कोटींपाशी लक्झरी टॅक्सची, म्हणजे ओलांडल्यास जादा कर भरावा लागणारी रेषा होती, मग १९.५९ कोटींवर ‘पहिला ॲप्रन’ आणि २०.७८ कोटींवर ‘दुसरा ॲप्रन’ होता. (ॲप्रन म्हटले की आपल्याला ससूनमधले डॉक्टर आठवतात, पण तिकडे हा शब्द पगाराच्या चर्चेत चांगलाच रुळला आहे.) मूळ मर्यादा १९८४-८५ मध्ये लागू झाली तेव्हा ती अवघी ३६ लाख डॉलर होती. ती पहिल्यापासूनच लवचीक ठेवलेली आहे, म्हणजे आपल्याकडे तीन हंगाम खेळलेल्या खेळाडूला टिकवण्यासाठी संघाला ती ओलांडता येते. या सवलतीला लॅरी बर्डचे नाव पडले आहे आणि तो बॉस्टनचाच खेळाडू होता, हा योगायोग आपल्या बातमीत शोभला असता. शिवाय ही मर्यादा मालकांनी परस्पर लादलेली नाही. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो आणि मर्यादेच्या किमान ९० टक्के रक्कम प्रत्येक संघाला पगारावर खर्च करावीच लागते.

लक्झरी टॅक्स ज्याच्याकडे पैसा आहे त्याला भरता येतो, आणि पुष्कळ मालक तो भरतातही. २०२३ च्या करारातून आलेल्या दुसऱ्या ॲप्रनचे तसे नाही. ती रेषा ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही आणि नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधली सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीतली निवडही गोठवली जाते, म्हणजे ती अदलाबदलीत देता येत नाही. थोडक्यात, दंड पैशाचा नाही, हातपाय बांधण्याचा आहे. बॉस्टनने दोघांना सोडले ते या रेषेखाली येण्यासाठी. कराचे ओझेही प्रचंड होते हे खरे, पण मालकांनी थैली मोकळी सोडली असती तरी बांधलेले हात सुटले नसते.

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे त्याकडे येतो. ‘अमुक खेळाडूचा इतक्या कोटींचा करार’ असा मथळा आपण छापता, तेव्हा त्यातली किती रक्कम पक्की आहे आणि किती कामगिरीच्या अटींवर अवलंबून आहे, हे वाचकाला कळत नाही. एनबीएमध्ये हा भेद अतिशय काटेकोरपणे केला जातो. कामगिरीवरचा प्रत्येक बोनस ‘अपेक्षित’ किंवा ‘अनपेक्षित’ अशा दोनपैकी एका खात्यात टाकावा लागतो आणि कसोटी साधी आहे: मागच्या हंगामात ती अट पूर्ण झाली होती का? समजा एखादा खेळाडू मागच्या वर्षी ६२ सामने खेळला. या वर्षी ६० सामने खेळल्यास बोनस, अशी अट असेल तर तो अपेक्षित ठरतो आणि ७० सामन्यांची अट असेल तर अनपेक्षित. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न नव्याने विचारला जातो. अनपेक्षित बोनस मूळ पगाराच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अट चांगल्या कामगिरीचीच असावी लागते, म्हणजे हरण्याबद्दल बक्षीस ठेवता येत नाही.

हिशेबनिसाला खरी गंमत वाटते ती यापुढे. मूळ मर्यादा मोजताना फक्त अपेक्षित बोनस धरले जातात. लक्झरी टॅक्स आकारताना हंगामाअखेर प्रत्यक्षात जे कमावले गेले तेच धरतात. ॲप्रन मोजताना मात्र सगळेच बोनस, अगदी कोणीही मिळण्याची आशा न धरलेलेसुद्धा, जणू दिलेच आहेत असे समजून बेरजेत घेतले जातात. एकाच खेळाडूचा एकाच वर्षाचा पगार असा तीन ठिकाणी तीन आकड्यांनी लिहिला जातो आणि तिन्ही आकडे बरोबर असतात. त्यामुळे एखाद्या व्यवस्थापकाने उदार मनाने लावलेला एखादा बोनस खेळाडूला कधी मिळालाच नाही, तरी त्याच बोनसमुळे संघ ॲप्रनच्या पलीकडे जाऊन अडकू शकतो. ताळेबंदाखाली संभाव्य देण्यांची टीप लिहिण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली त्यांना यातली खोच लगेच कळेल.

पिंपरी-चिंचवडच्या कामगारांनाही हे नवे नाही. १९६५ च्या बोनस कायद्याखाली ८.३३ टक्के बोनस नफा असो वा नसो द्यावाच लागे आणि त्यावर २० टक्क्यांपर्यंतचा भाग वर्षाच्या हिशेबावर ठरे. वाटाघाटीला बसणारा युनियनचा कोणताही पुढारी या दोन रकमांची गल्लत करत नसे. क्रीडापानावर ती रोज होते.

बोनसची अट मैदानावर काय घडवते याचे सर्वोत्तम उदाहरण याच हॉलिडेचे आहे. १० एप्रिल २०२२ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, तो तेव्हाच्या मिलवॉकी संघाकडून क्लीव्हलंडविरुद्ध मैदानात उतरला, आठ सेकंदांत त्याने मुद्दाम फाउल केला आणि तो बाहेर जाऊन बसला. तो त्याचा ६७ वा सामना होता आणि ६७ सामन्यांवर त्याला ३ लाख ६ हजार डॉलर मिळायचे होते. यात त्याने कोणाला फसवले असे मी म्हणणार नाही. अट सामन्यांच्या संख्येची होती, मिनिटांची नव्हती. मसुदा ढिला लिहिणाऱ्याने नंतर कपाळावर हात मारण्यात अर्थ नसतो.

फसवणूक वेगळी असते आणि तिची शिक्षाही वेगळी असते. मिनेसोटा संघाने जो स्मिथ या खेळाडूशी गुपचूप ठरवले होते, की आधी काही वर्षे त्याने कमी पगारावर खेळावे आणि मग वर सांगितलेल्या बर्ड सवलतीचा आधार घेऊन त्याला घसघशीत करार द्यावा. २००० साली हे उघडकीस आले तेव्हा संघाला ३५ लाख डॉलर दंड झाला आणि पहिल्या फेरीतल्या पाच निवडी काढून घेण्यात आल्या. त्यांतल्या काही पुढे परत मिळाल्या. व्यापारी भाषेत सांगायचे तर दुसरी वही सापडली.

आणखी एक बाब आपल्या व्यवसायाशी निगडित असल्यामुळे मुद्दाम लिहितो. तरुण खेळाडूच्या वेतनाची कमाल मर्यादा एरवी मूळ मर्यादेच्या २५ टक्के असते, पण हंगामातल्या सर्वोत्तम पंधरा जणांत त्याची निवड झाली तर ती ३० टक्क्यांवर जाऊ शकते. ही निवड क्रीडापत्रकार आणि समालोचक यांच्या मतांनी होते. इंडियानाच्या टायरीज हॅलिबर्टनला २०२४ मध्ये ते स्थान मिळाले आणि त्याच्या पाच वर्षांच्या कराराचे मूल्य सुमारे ४ कोटी डॉलरनी वाढले. त्याच हंगामापासून अशा सन्मानांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आली होती. मधल्या काळात मांडीचा स्नायू दुखावलेला असूनही त्याने ६९ सामने खेळले आणि या नियमावर उघडपणे टीकाही केली. मतपत्रिका भरणाऱ्या पत्रकाराच्या पेनने एखाद्या संघाचा पगारखर्च पाच वर्षांसाठी बदलावा, हे मला खेळाडूइतकेच पत्रकारालाही अडचणीचे वाटते.

हे सगळे अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे वाचकांनी म्हणू नये. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाच्या लिलावात पुणेरी पलटणने पाच कोटींच्या थैलीतले २.३५ कोटी मोहम्मदरेझा शादलू या एकाच खेळाडूवर लावले. एनबीएमध्ये सर्वांत ज्येष्ठ खेळाडूलाही कराराच्या पहिल्या वर्षी मूळ मर्यादेच्या ३५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. इथे ४७ टक्के गेले. पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद पटकावले, म्हणजे डाव फळला. पुढच्या लिलावाआधी त्याला सोडले, हरियाणाने २.०७ कोटींना घेतले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत, आमच्या डोळ्यांदेखत, हरियाणाने चषक उचलला. त्या रात्री स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसलेले गृहस्थही मालकांच्या चिक्कूपणावरच बोलत होते.

आयपीएलमध्ये २०२५ पासून लिलावाच्या रकमेखेरीज प्रत्येक सामन्याला साडेसात लाख रुपये मानधन सुरू झाले आहे. तीस लाखांना घेतलेला मुलगा साखळीतले चौदाही सामने खेळला तर त्याला १.०५ कोटी वेगळे मिळतात, म्हणजे मूळ किमतीच्या साडेतीनपट. बारा जणांचे चौदा सामने धरून प्रत्येक संघाने १२.६० कोटी बाजूला ठेवायचे असतात. हे मानधन आणि कामगिरीवरची जादा रक्कम धरूनच २०२५ साठी लिलावाची थैली १२० कोटींची आणि वेतनाची एकूण मर्यादा १४६ कोटींची, असे दोन आकडे दिसले. आपल्या पानावर लिलावानंतर जो तक्ता येतो त्यात मात्र फक्त बोलीची रक्कम असते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या लिलावानंतरच्या तक्त्यात बोलीशेजारी आणखी एक रकाना द्यावा: मागच्या हंगामात तो खेळाडू किती सामने खेळला.

आपला एक नियमित वाचक,
निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, कोथरूड, पुणे