सूचना : वायरलेसवर अक्षरं आणि आकडे कसे सांगायचे

पूरमदत पथकाच्या सर्व सदस्यांना,

परवाच्या सरावात शिवाजी पुलावरून गाडीचा नंबर आला, ‘एमएच ०९ डीपी’. शुक्रवार पेठेत तो ‘बीटी’ म्हणून लिहून घेतला गेला. बोटीचं इंजिन सुरू असलं की बी, डी, पी, टी सगळे सारखेच! यापुढे ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो असंच सांगायचं. १९५६ पासून विमानवाले हेच शब्द वापरतात. ‘डी फॉर डॉल्बी’ असली आपली भर नको.

आकड्यांना तर जास्तच जपा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. ‘एकोणचाळीस’चं ‘एकोणपन्नास’ ऐकू आलं तर पळापळ होईल. ‘तीन नऊ’ म्हणा. ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं.

रविवारी सकाळी ७ वाजता पंचगंगा घाटावर पुन्हा सराव. सेट चार्ज करून आणा.