डोळे दिपले, पण गोष्ट कुठे?

संपादक महोदय,

नाताळ-दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब पाहायचे संगीतमय चित्रपट हल्ली संगणकीय दृश्यांनी नुसते खच्चून भरलेले असतात. नुकताच असा एक नातवंडांसोबत पाहिला. बर्फाचा महाल, उडती घरे, नर्तकांचा ताफा, सारे नेत्रदीपक. पण दुरावलेली मुलगी आईला भेटते, नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा गिरकी घेऊन झुंबरांकडे गेला! मायलेकींचे चेहरे धड दिसलेच नाहीत. नातीने विचारले, "आजोबा, आई तिला काय म्हणाली?" मला सांगता येईना.

भव्यतेला माझा विरोध नाही. मुलांना ती हवीच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केले (या गावाला नाट्यपंढरी उगीच म्हणत नाहीत). त्यांच्या नाटकांतही राक्षसांचा आरडाओरडा असेच. पण हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' (१८९९) हे संगीत नाटक पाहा. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या पोरीच्या मनातली धास्ती पदांतूनच आपल्यापर्यंत पोचते. तिथे गाणे कथेला थांबवत नाही.

निर्मात्यांनी दृश्यांइतकाच वेळ पटकथेला द्यावा. आणि मराठीत डबिंग करताना गाण्यांचे शब्द मुलांना कळतील असे लिहून घ्यावेत.

– एक आजोबा, विश्रामबाग, सांगली