ताबा कुणाकडंही जाऊ दे, आधी पोराची शाळा आणि सुट्टी बघा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात सोयरिकी कायम बॉर्डरच्या पलीकडं होत आल्यात, खानापूरची मुलगी चंदगडला, निपाणीची कागलला, बेळगावची गडहिंग्लजला. पण संसार मोडला आणि पोरांच्या ताब्यावरनं केस उभी राहिली की हीच बॉर्डर पोरांना भोवते, आणि त्याबद्दल कोणच बोलत नाही म्हणून हे पत्र.

मी वडगावात प्रायमरीच्या पोरांच्या ट्यूशन घेते. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टप्रमाणं मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात ताब्याची केस चालते. हे वकिलाकडनं कळल्यावर काही लोक पोराला रातोरात पलीकडं नेतात आणि तिथल्या शाळेत नाव घालतात, म्हणजे केस आपल्या बाजूला यावी. भर सत्रात शाळा बदलते, इथं कन्नड शिकत होतं ते अर्धवट राहतं, मित्र सुटतात, दप्तरसुद्धा इथंच पडलेलं असतं. काही महिन्यांनी परत आणलं की सगळं उलटं. मोठी माणसं म्हणतात पोरं काय, रुळतात. मला तरी तसं दिसलं नाही.

माझ्याकडं एक तिसरीतली मुलगी यायची. शनिवारी वडिलांना भेटायचं असलं की तिच्या पोटात शुक्रवारपासनं दुखायचं, डॉक्टरला दाखवलं तर काय निघालं नाही. भेटून आली की घरात प्रश्न सुरू, काय बोलले, तिथं कोण कोण होतं, काय घेऊन दिलं. पप्पांनी दिलेला कंपास बॉक्स ती माझ्याच कपाटात ठेवून जायची, घरी नेला की मम्मीचं तोंड उतरतं म्हणून. एवढ्याशा पोरीनं दोन्ही घरं सांभाळायची होय? कोण नखं खातं, कोण मोठं होऊनपण अंथरूण ओलं करतं, कोण वर्गात एकदम गप्प होतं. आईबाप वेगळे झाल्यापेक्षा पोरांच्या पुढ्यात चालू राहिलेलं भांडणच त्यांना जास्त पोखरतं हे मानसशास्त्रवाले कधीपासनं सांगतायत.

कायद्यात तरतूद नाही असं नाही. १९५६ च्या हिंदूंच्या पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं म्हटलंय पण सगळ्यात वर मुलाचं हितच ठेवलंय, कळत्या वयाच्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात तज्ज्ञांची मदत घ्यायची सोय आहे. २०१५ साली लॉ कमिशननं २५७ व्या रिपोर्टमध्ये दोघांकडं मिळून ताबा देण्याचा विचार व्हावा असंपण सांगितलं.

घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टीत. ऑर्डरमध्ये नुसतं 'अर्धी सुट्टी वडिलांकडं' लिहिलं की आमच्याकडं भांडण ठरलेलं, कारण कर्नाटकात मधली मोठी सुट्टी दसऱ्याला आणि महाराष्ट्रात दिवाळीला. उन्हाळ्यात आपली शाळा तिकडच्यापेक्षा लवकर उघडते, मग पलीकडं गेलेलं पोर 'तिकडं अजून सुट्टीच आहे की' म्हणून ठेवून घेतात आणि इथले पहिले आठ-पंधरा दिवस बुडतात, वर तुझ्यामुळं बुडाले म्हणून दोघं फोनवर भांडणार आणि पोर ते शेजारी उभं राहून ऐकणार.

वकील मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, मुलाच्या शाळेचं कॅलेंडर अर्जासोबत जोडा आणि तारखा लिहून घ्या. भेटीसाठी मूल कोर्टाच्या आवारात नाहीतर पोलीस स्टेशनात कशाला, आजोळी किंवा ओळखीच्या घरी सोडायचं ठरवता येतं. समुपदेशकाला मराठी येत असलं पाहिजे, नाहीतर मराठी घरातलं पोर मान हलवून मोकळं होतं. शाळेतल्या बाईंना घरातली परिस्थिती कानावर घाला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास फुकट चालतो, तो आईबापानं आधी स्वतःसाठी लावला तरी चालेल. आणि आज्जी, मामा, काका, सगळ्यांनाच सांगणं आहे, 'तुला कोण जास्त आवडतं' हे पोराला चेष्टेतसुद्धा विचारू नका.

आपली,
एक ट्यूशन टीचर, वडगाव, बेळगाव