चि. मृणाल हिस, सांगलीहून

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला संध्याकाळीच तुम्ही गाडी काढलीत. दुसऱ्या दिवशी राजू आला तेव्हा पाट मांडलेला होता, निरांजनात वात घातलेली होती. अभिजितरावांना अचानक कामावर बोलावलं म्हणून सांगितलं त्याला. त्यानं पुढं काही विचारलं नाही, फराळही अर्धाच खाल्ला.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "आई, तुला यातलं कळत नाही" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. चिऊचा तो आंघोळीचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवरून काढून टाक, एवढंच मी त्या दिवशी धरून बसले होते. का, ते सांगितलंच नाही. ती माझी चूक.

धनत्रयोदशीला मी चिऊला घेऊन मारुती रोडला पणत्या आणायला गेले होते. दिवाळीतली तिथली गर्दी तुला माहीत आहे. सुटे पैसे मोजताना तिचं बोट सुटलं. वळून बघते तर चार पावलांवर एक बाई वाकून उभी, आणि चिऊचा हात तिच्या हातात. "अगं, तू चिऊ ना? दात हलतोय तो पडला का? आणि लाडूबोका कुठं आहे?" बाई भली होती. मला म्हणाली, तुमच्या मुलीचं एकही रील मी चुकवत नाही, मसालेभात आता तिच्याच पद्धतीनं करते. चिऊच्या गालावरून हात फिरवून गेली निघून. घरी येताना मी विचारलं, कोण गं त्या? "ओळखीच्या." कशावरून? "त्यांना माझं नाव माहीत होतं. लाडूचं पण."

तिनं हात दिला, मृणाल. ओढला नाही कुणी, तिनं आपणहून दिला.

अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, हे मी तुला शिकवलं, तू तिला शिकवलंस. पण सहा वर्षांच्या पोरीला अनोळखी म्हणजे कोण? ज्याला आपलं नाव माहीत नाही तो. आणि तिचं नाव, तिचा दात, तिचा बोका आता किती जणांना माहीत आहे ते तुला तरी सांगता येईल का?

हे मनात घोळत असतानाच चतुर्दशीला तू तो व्हिडिओ टाकलास. डोळ्यात उटणं गेलं म्हणून रडणारी, पंचा गुंडाळलेली पोर. दुपारपर्यंत अकरा हजार जणांनी बघितली. तू आनंदानं आकडा दाखवायला आलीस आणि मी तुझ्यावर ओरडले. सणाच्या दिवशी, अभिजितरावांसमोर. ते शब्द मला अजून टोचतात.

तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. नोकरी सुटल्यावर तू महिनाभर पडदेसुद्धा उघडत नव्हतीस, ते मी पाहिलंय. एका शेगडीवर आणि खिडकीतल्या उजेडावर तू हे उभं केलंस. कटाची आमटी दाखवताना "आमच्या आईची" म्हणतेस तेव्हा मी तेवढंच पुन्हा लावून ऐकते. तुझ्या हातांना, तुझ्या बोलण्याला लोक येतात. चिऊ नसली तरी येतील.

शाळेच्या युनिफॉर्ममधला तो व्हिडिओही बघ एकदा. खिशावरचा बिल्ला वाचता येतो, मागं सोसायटीचं गेट दिसतं, आणि तू म्हणतेस "आमची रिक्षा साडेसातला येते". शाळा, घर, वेळ, सगळं एकाच ठिकाणी. रील आपल्या माणसांपुरतं राहत नाही, तुला फॉलो न करणाऱ्यांनाही ते दाखवलं जातं, हे मला तूच समजावलंस. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला तेरा वर्षं पुरी लागतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो की अठराच्या आतल्या मुलांची माहिती कंपनीनं वापरायची तर आईबापाची संमती हवी. पण आईनंच टाकलं तर पोरीच्या वतीनं नाही कोण म्हणणार? आणि नंतर काढलं तरी ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडं ते राहतंच.

पुन्हा शाळा घ्यायला लागले. रागावू नकोस. मी तरी कुठं वेगळी वागले? तिचे फोटो भिशीच्या ग्रुपवर मीच टाकत होते. परवा एकेक काढायला बसले, तर अडीच दिवसांपेक्षा जुने 'सगळ्यांसाठी डिलीट' होत नाहीत. झुल्यावरचा, फ्रॉकमधला, तुझ्या बाबांच्या चष्म्यातला, सगळे तिथंच आहेत. चव्वेचाळीस बायका आहेत त्या ग्रुपात. निम्म्या मला नीट माहीतही नाहीत.

मी १९८१ ला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले, ते तुला ठाऊक आहे. पण हे तुला कधी सांगितलं नव्हतं. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, जोडला की बोलणं सुरू झालं का ते बघायला कळ दाबून क्षणभर ऐकावं लागायचं. आवाज आला की कळ सोडायची, तिकिटावर पेन्सिलीनं वेळ टाकायची, तीन मिनिटं झाली की पुन्हा आत जाऊन सांगायचं. ऐकलेलं बाहेर बोललं तर १८८५ च्या तार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. एका संध्याकाळी मुंबईहून पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसाला बोलावून जोडायचा फोन, आला, आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानावर. कळ दाबली आणि कानावर पडलं, "वहिनींना आत्ता सांगू नका, सकाळी गाडी घेऊन येतो." वहिनी म्हणजे आपल्या शेजारच्या काकू. सकाळी नळावर त्या माझ्यापुढं उभ्या होत्या. मुंबईला दवाखान्यात ठेवलेल्या काकांसाठी लोकरीची बंडी विणायला घेतली होती, तिचा रंग मला दाखवत होत्या. मी कळशी भरली आणि घरी आले. तुझ्या बाबांनाही बोलले नाही.

दुसऱ्याच्या घरातलं आपल्या हाती आलं की ते किती जड होतं, हे मी त्या खुर्चीवर शिकले. तिथं ऐकणारी मी एकटी होते, माझं नाव हजेरीपटावर होतं. चिऊला बघणाऱ्या अकरा हजारांचं कुठं काय आहे?

एवढं कर. आंघोळीचा आणि युनिफॉर्मचा व्हिडिओ काढ. लाडू, तुझे हात, ओटा, काहीही दाखव, तिचा चेहरा आणि नाव नको. आजीआजोबांना बघायचं असेल तर वेगळं प्रायव्हेट खातं कर, ज्यांना तू हो म्हणशील तेच बघतील. आणि तिला सांग, नाव माहीत असलं म्हणजे ओळख नव्हे. मी त्या दिवशी सांगून पाहिलं. "मग ओळख म्हणजे काय, आजी?" म्हणाली. मला चटकन उत्तर देता आलं नाही.

चकल्या राजूबरोबर पाठवतेय, तो गुरुवारी पुण्याला येतोय. मामींच्या गुडघ्याचं अजून तसंच आहे. चिऊचा दात त्या गडबडीत इथंच राहिला, कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलाय. तो कौलावर तिनंच टाकायचा असतो, म्हणून मी टाकला नाही. कधी येता ते कळव.

तुझी,
आई