ताई, दार लावून झोप

प्रिय ताई,

काल रात्री सव्वादोनला छोटूच्या पोटात नळीने अन्न सोडणारा पंप वाजायला लागला. मी उठून येईपर्यंत तू तिथे उभी होतीस, अनवाणी, डोळे अर्धे मिटलेले, आणि नळीला कुठे पीळ पडलाय ते बोटांनी चाचपत होतीस. पीळ तूच सोडवलास. मी "शहाणी माझी ती" म्हटलं आणि तू जाऊन झोपलीस. मला मात्र झोप लागली नाही. तुझ्या खोलीचं दार इतके महिने उघडं का असतं, ते मला काल कळलं. तू झोपेतसुद्धा कान देऊन असतेस.

म्हणून हे पत्र. तोंडी सांगायला गेलो तर तू "मला चालतं बाबा" म्हणशील आणि विषय तिथेच संपेल.

आधी तुझा प्रश्न. परवा जेवताना तू विचारलंस, "छोटू बरा कधी होणार?" मी "होईल हळूहळू" म्हणालो आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. ते उत्तर खरं नव्हतं. तू दहा वर्षांची आहेस आणि नळीचा पीळ अंधारात शोधतेस. तुला खरं उत्तर द्यायलाच हवं.

त्याचं हृदय बरं झालंय. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मापासून काही ना काही दोष असतो. छोटूच्या हृदयातल्या मधल्या पडद्याला मोठं भोक होतं, आणि दोन वेगळ्या झडपांच्या जागी एकच सामाईक झडप होती. तो चार महिन्यांचा असताना डॉक्टरांनी भोकाला ठिगळ लावलं आणि त्या एका झडपेच्या दोन केल्या. आता अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून झडप गळत नाही ना, एवढं बघायचं. छातीवरची ती उभी रेघ बघून तू अजून घाबरतेस, मला माहीत आहे. ती भरलेली जखम आहे. हात लावलास तर त्याला दुखत नाही.

पोटातल्या नळीचं मला सांगता येत नाही. आठवतं, तो दूध पिताना कधी खोकायचा नाही, म्हणून आपण किती खूश होतो? दोनदा न्यूमोनिया झाला तेव्हा कळलं, की दूध श्वासनलिकेत जात होतं आणि तरी त्याला ठसका लागत नव्हता. एक्स-रेच्या व्हिडिओत ते स्पष्ट दिसलं. ठसका हा शरीराचा पहारेकरी असतो आणि छोटूचा पहारेकरी झोपलेला होता. म्हणून पोटावरचं बटण (नळी जोडायचं छोटं तोंड), म्हणून रात्रीचा पंप, म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने. त्याच्या जिभेचे आणि गळ्याचे स्नायू बळकट होतील तशी नळी निघू शकते. या वर्षी निघेल, की शाळेत जायला लागल्यावर, ते मला ठाऊक नाही. परवा मी हेच सांगायला हवं होतं.

आणि डाउन सिंड्रोम बरा होत नाही. तो ताप किंवा गोवर यांसारखा येऊन जाणारा आजार नाही. आपल्या पेशींमध्ये 46 गुणसूत्रं असतात, छोटूच्या 47 आहेत. एकविसाव्याच्या दोन प्रतींऐवजी तीन. लोकांना हे कळलं ते 1959 साली, त्याआधी कारण माहीतच नव्हतं. त्या एका जास्तीच्या प्रतीमुळे त्याचे स्नायू सैल आहेत. अडीच वर्षांचा झाला तरी तो चालत नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर घसरत येतो. अशी बरीच मुलं दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, काही त्याहून खूप उशिरा. छोटू चालेल. बोलायला त्याला त्याहूनही वेळ लागेल.

आता जे तू आईला अंधारात सांगितलंस ते. आईने ते मला सांगितलं, रागावू नकोस. तो जन्मायच्या आधी तू मनात म्हणाली होतीस, "मला भाऊ नको." आणि तुला वाटतं, त्यामुळे असं झालं.

ताई, छोटू एका पेशीएवढा होता तेव्हाच ते जास्तीचं गुणसूत्र तिथे होतं. तो आहे हे तेव्हा आईलाही माहीत नव्हतं, मग तुला कुठून असणार? पेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकली. ती आईने चुकवली नाही, मी नाही, आणि तू तर नाहीच. हा परिच्छेद हवा तितक्या वेळा वाच.

अजून एक. आपल्याकडे येणारं प्रत्येक जण तुला "किती समजूतदार आहे पोर" म्हणतं. पूर्वी ऐकून मला बरं वाटायचं, आता टोचतं. तुझ्या नाचाच्या कार्यक्रमातून मी मध्येच निघून गेलो, कारण छोटूचं बटण निसटलं होतं आणि ते काही तासांत परत बसवलं नाही तर पोटावरचं छिद्र बुजायला लागतं. घरी आल्यावर तू म्हणालीस, "काही हरकत नाही." हरकत असायला हवी होती. पुढच्या वेळी चिडलीस तर मला चालेल. रडलीस तरी चालेल. तुझ्या चिडण्याने छोटूवरची तुझी माया कमी होत नाही.

त्याला खुणांची भाषा शिकवायला थेरपिस्ट येते. "अजून" आणि "झालं" त्याला आता येतं. पण "ताई"ची खूण तिने शिकवलेली नाही. कानामागे हात नेऊन वेणी ओढल्यासारखं करायचं, हे त्याने स्वतः शोधलं. तू शाळेत गेलीस की तो दिवसातून कितीतरी वेळा ती खूण करून दाराकडे बघतो. नळी, पंप, औषधं यांतलं काहीही तू केलं नाहीस तरी त्याने ती खूण केलीच असती.

पंपाचा अलार्म ऐकू येणारं यंत्र मी आजपासून माझ्या उशाशी घेतलंय. एक दिवस मी, एक दिवस आई, असं ठरलंय. तुझा नंबर त्यात नाही. आज रात्री दार लावून झोप.

सकाळी तो घसरत घसरत येऊन तुझं दार बडवेल. ते मात्र तूच उघड.

तुझा,
बाबा