मा. वनमंत्री साहेबांना खुलं पत्र: आम्हाला पक्षी लपवायला लावू नका

मा. वनमंत्री साहेब, कर्नाटक राज्य,

साहेब, नमस्कार. मी वडगाव, बेळगावची. आमच्या घरी माग बंद पडला त्या खोलीत आता पक्ष्यांचे पिंजरे आहेत. कॉकाटील, फिंच, जावा, लव्हबर्ड आणि सन कॉन्युर, सगळे मूळचे परदेशी. शहापूर, अनगोळ, खासबाग सगळीकडं अशी घरं आहेत, खाली दुकान नाहीतर माग आणि वर माडीवर पक्षी. थोडे पैसे सुटतात हे खरंय, पण नुसत्या पैशासाठी कुणी पहाटे उठून पिल्लाला सिरिंजनं भरवत बसत नाही. ती पेज 40 डिग्रीच्या आसपास लागते, जास्त गरम झाली की पिल्लाच्या गळ्यातली पिशवी भाजते आणि गार झाली की आत आंबते, म्हणजे पिल्लू गेलंच.

तर मुद्दा असा की वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली, आणि 28 फेब्रुवारी 2024 ला केंद्रानं रजिस्ट्रेशनचे नियम काढले. सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या यादीत असलेला परदेशी प्राणी-पक्षी घरी असेल तर सहा महिन्यांत केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची होती, पिल्लं झाली मेली ते कळवायचं, दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं. मला हा कायदा मान्य आहे, मनापासून मान्य आहे. बँकॉकहून बॅगांत कोंबून आणलेली माकडं, साप, कासवं बेंगळूरु विमानतळावर पकडली जातात तेव्हा त्यातली काही मेलेली निघतात, ते बघून कुणाच्याही पोटात कालवेल. नोंद पाहिजेच. पण ती आमच्यासारख्या माणसाला करता येईल अशी ठेवा की.

बघा, एकाच पिंजऱ्याच्या रांगेत माझे दोन लव्हबर्ड आहेत. एक पीचफेस, त्याला सायटीसची नोंद लागत नाही, तो त्या यादीतून वगळलाय. शेजारचा फिशर, तो मात्र यादीत आहे. कॉकाटील नाही, बजी नाही, झेब्रा फिंच नाही, पण जावा चिमणी आहे. आफ्रिकन ग्रे पोपट 2017 पासून सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत गेला, म्हणजे त्याची पिल्लं काढायची तर वेगळं लायसन पाहिजे. हे मला माहीत झालं कारण मी रात्र रात्र वाचत बसले. मागावर बसणाऱ्या माणसानं ज्यानं दहा वर्षांपूर्वी मिरजेच्या बाजारातून जोडी आणली, पावती ना कागद, त्याला हे कोण सांगणार? पोर्टलवरचा फॉर्म इंग्रजीत, त्यात शास्त्रीय नाव विचारतात, नर का मादी विचारतात, आणि कॉन्युर मकाव ग्रे यांच्यात नर मादी डोळ्यानं ओळखताच येत नाही, पिसाची नाहीतर रक्ताची डीएनए टेस्ट करावी लागते. मी एका ऑफिसात विचारायला गेले तर तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न केला, पक्षी कुठं ठेवलेत? मी घाबरून परत आले. मदत मागायला गेलेल्या बाईला आधी आरोपी करायचं असेल तर दुसरी कशाला जाईल?

आणि आम्ही सीमेवरचे. महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगडची माणसं रोज बेळगावात कामाला येतात, आमच्या पोरी तिकडं दिल्यात. एक जोडी इथून शिनोळीला दिली की दुसरं राज्य, दुसरं वनखातं. मग माणूस काय करतो, गपचूप पिशवीतनं देतो. कागद राहतो तिथंच.

याचा परिणाम पक्ष्यावर होतो साहेब, म्हणून मी लिहितेय. लोक माडीवरचे पिंजरे आतल्या अंधाऱ्या खोलीत न्यायला लागलेत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर धुवांधार पाऊस, शेंगा सूर्यफूल बाजरीला बुरशी धरते, कोंदट खोलीत ती हवेत उडते आणि पक्ष्याच्या फुफ्फुसात बसते. एस्परजिलोसिस म्हणतात त्याला, धाप लागून पक्षी महिन्यात संपतो. डॉक्टरकडं न्यायचं तर नोंद नाही म्हणून भीती, आणि नेलं तरी इथले जनावरांचे डॉक्टर गायी-म्हशी बघणारे, चांगली माणसं आहेत पण शंभर ग्रॅमच्या कॉन्युरला किती डोस द्यायचा हे त्यांनी कधी शिकलेलंच नसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काहीजण घाबरून पक्षी सोडून देतात. पिंजऱ्यात जन्मलेला कॉन्युर बाहेर दोन दिवस टिकत नाही, कावळे मारतात नाहीतर उपाशी मरतो. लाल कानाचं परदेशी कासव तर उलटं, किल्ला तलावात सोडलं तर ते टिकतं आणि आपल्या कासवांचं खाणं आणि जागा घेतं.

दुसरी गोष्ट वाचवलेल्या जनावरांची. माझ्याकडं लोक काहीही आणून देतात, मांज्यानं पंख कापलेली घार, कुत्र्यानं धरलेलं घुबड, ऊसतोडीत सापडलेली रानमांजराची पिल्लं. पिल्लं आणली की मी आधी ओरडते, अहो ती अनाथ नाहीत, आई फडातच असते, संध्याकाळी त्याच जागी ठेवा, रात्री येऊन ती उचलून नेते. पण तोपर्यंत कुणीतरी गाईचं दूध पाजलेलं असतं आणि त्यांना हगवण लागलेली असते. कायदा सांगतो 48 तासांत वनखात्याला नाहीतर पोलिसांना कळवा, आणि मी कळवते. पण कळवल्यावर द्यायचं कुठं? खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य, पलीकडं दांडेलीचं जंगल, एवढं रान अंगावर आणि जखमी जनावराला उपचार करून परत सोडायची नीट सोय नाही, मोठं केंद्र म्हणाल तर बन्नेरघट्टा, 500 किलोमीटरवर. तुटलेल्या पंखाची घार तेवढा प्रवास सोसत नाही. मग सर्पमित्र, आमच्यासारखी माणसं घरी ठेवून घेतात, आणि बरी झालेली घार माणसाळून बसते. हे चुकीचंच आहे, पण दुसरा मार्ग दाखवा ना. नोव्हेंबर 2025 मध्ये भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालयात घटसर्पानं 31 काळवीटं गेली, आख्खा जिल्हा हळहळला. तज्ज्ञ डॉक्टर आणि जवळ लॅब नसली की काय होतं ते तिथं दिसलं.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जनावर येतं, उपचार होतो, रानात परत जातं. तसं एक बेळगावला द्या. भूतरामनहट्टीला जागा आहे, पण प्राणीसंग्रहालयापासून वेगळं ठेवा, रोग तिकडं जायला नको. एक पक्षी आणि वन्यप्राण्यांचा डॉक्टर कायमचा नेमा, आठवड्यातनं दोन दिवस पाळीव पक्षी पण बघू देत, फी घ्या खुशाल.

नोंदणीसाठी परत एकदा मुदत द्यायला केंद्राला लिहा. 2020 ला केंद्रानं सहा महिन्यांची सवलत दिली होती, स्वतःहून सांगितलं तर कागद विचारले नव्हते, आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते कळलंच नाही. यावेळी खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव इथं कॅम्प लावा, कन्नड आणि मराठी दोन्ही येणारा माणूस बसवा, आणि पहिल्या दिवशी जप्तीची भाषा नको. पुढच्या पिल्लांना बंद रिंग, म्हणजे जोड नसलेली पायातली कडी, सक्तीची करा, ती पिल्लाच्या पायात दोन आठवड्यांच्या आतच जाते, मोठ्या पक्ष्याला घालताच येत नाही, म्हणजे घरी जन्मला का बाहेरून आणला ते पायावरच कळतं.

आणि एक, आपला रानातला हिरवा पोपट, मुनिया, चांदणी कासव विकणाऱ्यांवर अजिबात दया दाखवू नका. झाडाच्या ढोलीतनं पिल्लं काढून बाजारात आणतात ती माणसं आमच्यातली नाहीत, आणि त्यांची नावं द्यायला आम्ही तयार आहोत, फक्त त्यासाठी आम्हाला उघडपणे खात्याच्या दारात येता आलं पाहिजे. येत्या अधिवेशनाला सुवर्ण विधानसौधात याल तेव्हा पंधरा मिनिटं वेळ द्या. आम्ही पाच-सहा जणच येऊ, रिंगा, वह्या, फोटो सगळं घेऊन.

आपली,
एक पक्षी पाळणारी बाई
वडगाव, बेळगाव